पाठराखीण न आलेली सकाळ

मोगऱ्याच्या छाटलेल्या झुडपांना पालवी फुटून तिच्यात बारीक कळ्या दिसू लागल्या, की आमच्या गिरीजमध्ये परीक्षा जवळ आल्या असं समजायचं. वेळापत्रक बघावं लागत नाही. पहाटे केळीच्या पानांवरून दव ठिबकत असतं आणि दुपारी तीच पानं उन्हानं मिटून घेतात. आंब्याच्या मोहराचा उग्र वास कुंपणापर्यंत येतो. कुणाच्या तरी अंगणात सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी उन्हात मांडलेली असतात, त्यांचा गोडसर वास त्या मोहरात मिसळतो. शेजारच्या ख्रिस्ती घरांत उपासकाळ चालू झालेला असतो. संध्याकाळी तिकडून प्रार्थनेचा संथ सूर येतो आणि इकडून, समाजमंदिराच्या मागच्या खोलीतून, मुलींच्या पाठांतराचा.

माझ्या लहानपणी हा दुसरा सूर गावात नव्हता. माझ्या दोन्ही बहिणी चौथी झाल्यावर केळी-मोगऱ्याच्या वाडीत कामाला उतरल्या आणि वाडीतूनच सासरी गेल्या. धाकटी पाढे माझ्याआधी म्हणायची. पण तिला पुढं काय करायचं आहे, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा हा सूर मला ऐकवत नाही. त्या खोलीवरून जाताना मी पावलं उचलून चालतो.

गेल्या महिन्यात अक्षता घरी आली. मुलींच्या या कामाची ती आता प्रमुख आहे; याच खोलीतल्या चटईवर बसून शिकली आणि पुढं कॉलेजात शिकवू लागली. स्कूटर दारात लावून, हेल्मेट काखेत मारून ती पडवीत बसली.

"नाना, रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेला तुमचा लेख पाहिजे. सुरुवातीच्या आठवणी लिहा. आणि खोलीला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, त्याला नाही म्हणायचं नाही."

"मी अजून जिवंत आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर विचारायला आले. नाहीतर परस्पर दिलं असतं."

आतून ही म्हणाली, "पाटी जरा मोठ्या अक्षरात करा गं. ह्यांना चष्म्याशिवाय स्वतःचं नावही वाचता येत नाही."

अक्षता हसली. मी गप्प राहिलो, तो तिला विनय वाटला असावा. गावात माझ्या बऱ्याच गोष्टी विनय म्हणून खपून गेल्या आहेत.

तर या आठवणी. त्यातली पहिली दुरुस्ती लहान आहे. ही सगळी कल्पना माझी होती असं भाषणांतून सांगितलं जातं. ती माझी नव्हती. मी गावच्या मंडळाचा चिटणीस होतो एवढंच. त्या वेळी गावातल्या मुली दहावीपर्यंत जेमतेम पोचत आणि बारावीला गळत. शाळा जवळ होती, परीक्षेचं केंद्र लांब, कॉलेज त्याहून लांब. आमच्या पडवीत बैठक भरली होती. प्रत्येक बाप एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलत होता: पोरगी एकटी कशी जाणार?

ही चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच म्हणाली, "लग्न झाल्यावर पोरीबरोबर पाठराखीण देता ना? परक्या घरी पहिले दिवस बावरेल म्हणून. मग परीक्षेचं केंद्र काय तिचं माहेर आहे? तिथंही द्या पाठराखीण."

कुणीतरी म्हणालं, "वहिनी, पाठराखिणीला मानाची साडी द्यावी लागते."

"द्या की. पोरगी नापास झाली तर साडी परत घ्या."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर कुणी उठलं नाही, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. नव्या नवरीबरोबर माहेरची एक जाणती बाई किंवा बहीण जाते, तिच्याशेजारी झोपते, तिला काय हवं-नको ते सासरच्यांना सांगते, आणि नवरी रुळली की परत येते. आमच्याकडे हे इतकं रोजचं आहे, की त्यात काही शहाणपण दडलेलं असेल हे आम्हा पुरुषांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या वर्षापासून दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलीला एक पाठराखीण मिळू लागली. गावातलीच, कॉलेजात जाणारी, दोन-चार वर्षांनी मोठी. संध्याकाळी ती तिच्याबरोबर अभ्यासाला बसे. न येणारं गणित येईपर्यंत उठू देत नसे. तुला पुढं काय व्हायचंय, हा प्रश्न विचारी, आणि "काही नाही" हे उत्तर घेत नसे. परीक्षेला केंद्रापर्यंत जाई, पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली डबा मांडीवर ठेवून बसे. निकाल लागला की कॉलेजच्या प्रवेशाला जाई आणि पहिला आठवडा सोबत करी. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बायका समाजमंदिरात जमून पाठराखिणींची ओटी भरू लागल्या. सुरुवातीला ती थट्टा होती. दोन वर्षांत तिचा रिवाज झाला, आणि ओटी घेताना कॉलेजच्या पोरी डोळे पुसू लागल्या.

मोगऱ्याचं काय करायचं हा दुसरा प्रश्न होता. बहर आणि बोर्डाची परीक्षा एकाच महिन्यात येतात. कळी उमलायच्या आत, उजाडता उजाडता खुडावी लागते. दादरच्या बाजाराला उमललेलं फूल चालत नाही. आणि कळी खुडायला पोरींचीच बोटं चांगली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समजतात. परीक्षेच्या पोरीला झुडपांतून उठवायचं तर तिच्या ओळी कुणी खुडायच्या? शेवटी सावड ठरली: ज्या घरात परीक्षा, त्या घरच्या ओळी बाकीच्यांनी खुडायच्या, आणि त्यात पुरुषांनीही उतरायचं. पहिल्या दिवशी मी स्वतः टोपली कमरेला बांधून गेलो होतो. उजाडल्यावर गावाच्या टोकाच्या घरातल्या वैशालीच्या आईनं माझी टोपली हलवून बघितली आणि शेजारणीला म्हणाली, "नानांनी भाजी खुडलीया का फुलं?" निम्मी पानं होती, बाकीच्या अर्ध्या कोवळ्या कळ्या. बायका महिनाभर मला भाजीवाले म्हणत होत्या.

ते दिवस चांगले होते. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं नुसतं दुःख वाटेल.

या सगळ्यात माझी स्वतःची भर एकच. बापांना धीर यावा म्हणून मी प्रत्येक घरी जाऊन शब्द दिला: पाठराखिणीशिवाय तुमची मुलगी उंबरा ओलांडणार नाही. हे वाक्य मला फार आवडायचं. ते बोलताना बापांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसे आणि मला मी मोठा वाटे. हिनं मुलींना सोबत दिली होती. मी त्या सोबतीला कडी लावली. ते तेव्हा कळलं नाही.

वैशाली काशिनाथची मुलगी. काशिनाथचं घर गावाच्या टोकाला, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. त्याची बायको, माझ्या टोपलीला हसली ती, रोज पहाटेच्या गाडीनं फुलांच्या करंड्या घेऊन दादरला जाई आणि दुपार कलल्यावर परते. काशिनाथ कमी बोलणारा. मोठ्या भावाच्या धाकात राहिलेला. "पोरगीला बारावीपर्यंत कशाला?" असं तो भाऊ चारचौघांत विचारी, तेव्हा काशिनाथ जमिनीकडे बघून म्हणे, "नाना हायत ना. एकटी कुठं जानार नाय ती." माझा शब्द तो ढालीसारखा पुढं धरायचा.

वैशाली विज्ञान शाखेला होती. आमच्या गावातून विज्ञानाला बसलेल्या मुली तेव्हा एका हातावर मोजण्याइतक्या. तिची पाठराखीण माझी मुलगी शीतल, त्या वेळी बी.एस्सी. करणारी. दोघींचं जमलं. संध्याकाळी आमच्या विहिरीच्या कठड्यावर बसून त्या फिजिक्स करायच्या. मला त्यातलं काही कळत नसे, पण आवाजांवरून कोण शिकवतं आहे आणि कोण शिकतं आहे हे कळायचं. आणि शेवटी शेवटी ते आवाज बदलले होते. शीतल अडली की विचारी आणि वैशाली समजावून देई. एकदा ही मला म्हणाली, "तुमच्या लेकीची शिकवणी लागलीय. फी कोण देणार?"

वैशालीला काय व्हायचं होतं? शीतलनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पावसाचा अंदाज सांगतात ना, ते काम." आम्हाला हसू आलं. वाडीवाल्याच्या पोरीनं वेधशाळेत जायचं. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "फुलं भिजली की आईची फेरी फुकट जाते. कुणीतरी नीट सांगायला पाहिजे."

फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी एका मध्यस्थाचा फोन आला. विरारहून पाहुणे उद्या सकाळीच शीतलला बघायला येणार. स्थळ चांगलं होतं, मुलगा नोकरीत होता. दिवस बदलून मागणं बरं दिसलं नसतं, असं मला वाटलं.

शीतल म्हणाली, "उद्या वैशालीचा पेपर आहे. मी जाणार आहे तिच्याबरोबर."

"मी दुसऱ्या कुणालातरी पाठवतो."

"कुणाला?"

"बघतो म्हटलं ना."

मी विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. सकाळी पेढे आणायला निघालो तेव्हा मला स्वच्छ आठवलं. कॉलेजात जाणाऱ्या आणखी एका मुलीचं घर वाटेतच होतं. मी त्या घरासमोर सायकल थांबवलीही. पण तिला जा म्हणायचं, तर शीतल का जात नाही ते सांगावं लागलं असतं. आमच्याकडे बघणं ठरेपर्यंत वाच्यता करत नाहीत. मोडलं तर मुलीच्या नावाला चिकटतं. मी मनाशी म्हटलं, काशिनाथ पोचवेल, नाहीतर ती जाईल एकटी, बारावीची मुलगी आहे. ज्याच्या शब्दावर ती घरात थांबली होती, तोच मी. आणि सायकलवर टांग मारून पेढे आणायला गेलो.

पाहुणे आले. पोहे झाले. शीतल बशा घेऊन आली आणि बसली. विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती आणि सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात मला फाटकाशी काशिनाथ दिसला. घाईघाईनं आलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्यानं पडवीतल्या अनोळखी चपला बघितल्या आणि त्याला कळलं. बघणं चालू असलेल्या घरात मध्येच कुणी बाहेरचा शिरत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो फाटकाबाहेरच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी बसल्या जागेवरून हात वर केला. पाहुण्यांच्या लक्षात येऊ नये असा, कमरेइतकाच.

त्या हाताचा अर्थ काय होता, हे मी आजवर हजारदा स्वतःला विचारलं आहे. थांब. जा. नंतर बोलू. पुढं काशिनाथनं सांगितलं की त्याला वाटलं, नाना म्हणतायत, तू घरी हो, मी कुणाला तरी पाठवतो. म्हणून तो घरी गेला आणि बापलेक दारात वाट बघत उभे राहिले. माझ्या मनातही हाच अर्थ होता, असं म्हणायचा मोह मला अनेकदा झाला. पण मी कुणालाही पाठवणार नव्हतो. तो दृष्टीआड व्हावा, एवढंच मला हवं होतं. हाताचा अर्थ तोच होता.

कुणी येत नाही हे लक्षात आल्यावर काशिनाथनं तिला सायकलवर मागं बसवलं आणि वसईपर्यंत जीव खाऊन पायडल मारलं. केंद्राचं फाटक बंद झालं होतं. तो शिपायाच्या पाया पडला. शिपाई म्हणाला, नियम आहे, काका. वैशाली रडली नाही. थोडा वेळ फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चला."

ती परत आली तेव्हा आत पेपर चालूच असणार. वाटेवरच्या वाड्यांत बायका वालाच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी बघितलं: परीक्षेची पोरगी, पेपरच्या वेळी, सायकलवरून घरी. संध्याकाळपर्यंत गावात झालं की वैशाली पेपर अर्धा टाकून आली.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ आला. भांडायला आला असेल म्हणून मी तयारीत होतो. तो पायरीवर बसला, वर आला नाही.

"मी आलतो नाना. तुमी हात केला."

"हो."

"बघनं चालू हुतं शीतलचं. मी कुनाला काय बोललो नाय. त्यात तिचं नाव नको यायला."

एवढं बोलून तो उठला. मी त्याला बस म्हणालो नाही.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. कुणीतरी विचारलं, "काशिनाथची पोरगी पेपर टाकून आली म्हणतात, खरं का?" सगळे माझ्याकडे बघत होते. काशिनाथ मागं, खांबाला टेकून बसला होता. खरं सांगितलं असतं तर शीतलचं बघणं बाहेर आलं असतं, माझा शब्द खोटा पडला असता, आणि बापांनी मुलींना पाठवायचं थांबवलं असतं, असं मी पुढं स्वतःला पटवत राहिलो. त्या क्षणी मात्र यातलं फारसं काही डोक्यात नव्हतं. मला फक्त त्या नजरा माझ्यावरून हलायला हव्या होत्या.

मी म्हणालो, "हो. घाबरली. विज्ञान तिला झेपलं नाही."

काशिनाथनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, एवढंच आठवतं.

विरारच्या पाहुण्यांचा नकार चार दिवसांनी आला. मुलगी अबोल वाटली म्हणून. शीतल मला एकच वाक्य म्हणाली, "तुम्ही बघतो म्हणाला होतात." त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. ती आता नाशिकला शिकवते. आईला रोज फोन करते. मी घेतला तर विचारते, "गोळ्या घेता ना वेळेवर?"

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. शीतल म्हणाली होती, मी जाते तिच्याबरोबर. पण मंडळात कुणीतरी म्हणालं, जिला झेपत नाही तिला परत कशाला बसवायचं, आणि ते माझंच वाक्य असल्यामुळे मला खोडता आलं नाही. काशिनाथच्या भावानं तर बोलूनच दाखवलं, "मंडळानंच नापास केली, आता बोर्ड काय पास करनार." तुळशीचं लग्न झालं आणि त्यापाठोपाठ वैशालीचं. भुईगावला. मी जेवायला गेलो होतो. अक्षता टाकून वधूवरांकडून पाया पडून घेतलं आणि आशीर्वाद दिला.

काम वाढलं. मुली नर्स झाल्या, इंजिनिअर झाल्या, एक सी.ए. झाली, एक परदेशात आहे आणि दिवाळीला पाठराखिणींसाठी साड्या पाठवते. स्टेशनकडच्या बिल्डिंगांमधल्या मुली येऊ लागल्या, भुईगावच्या ख्रिस्ती घरांतल्या आल्या. उंबऱ्याची ती अट मी पुढच्याच वर्षी गुपचूप काढून टाकली. काळ बदलला, असं कारण दिलं. आता मुली स्कूटरवर एकट्या जातात आणि पाठराखीण ही त्यांची मार्गदर्शक असते, राखणदार नव्हे. हे पाहून लोक म्हणतात, नानांची दृष्टी. एका मुलीचं वर्ष घालवून ही दृष्टी मिळाली, हे कुणाला माहीत नाही.

या सगळ्यासह मी मेलोही असतो. माणसं मरतात अशी. पण या फेब्रुवारीत समाजमंदिरात मी टोपी विसरलो होतो, ती आणायला गेलो. मागच्या खोलीत बारावीची एक मुलगी रडत होती. तिची पाठराखीण तिला समजावत होती, मी दाराबाहेर होतो.

"रडू नको ना यार. फिजिक्स सगळ्यांनाच टफ वाटतं. फक्त घाबरून पेपर टाकून यायचं नाही, त्या वैशालीसारखं."

"कोण वैशाली?"

"होती एक. खूप पूर्वी. अर्धा पेपर टाकून पळून आलेली. आई सांगते. झेपत नव्हतं तर घ्यायचं नाही ना सायन्स."

ती पाठराखीण त्या वर्षी रांगत असेल. तिला वैशाली माहीत नाही, काशिनाथ माहीत नाही. माझं वाक्य मात्र तिच्यापर्यंत जसंच्या तसं पोचलं होतं, झेपत नव्हतं या शब्दासकट. मुलींना धीर देण्यासाठी आम्ही जी खोली बांधली, तिच्यात एका मुलीचं नाव भीती घालायला वापरलं जातं, आणि त्या खोलीला माझं नाव लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून भुईगावला गेलो. हिला म्हणालो, वैशालीकडे जाऊन येतो. हिनं का विचारलं नाही. म्हणाली, "स्वेटर घाला. समुद्राचा वारा असतो तिकडं." फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तिथं जाऊन रडू नका. तिला काम असतं."

वैशाली आणि तिचा नवरा रोपवाटिका चालवतात. अरुंद गल्लीच्या शेवटी त्यांचं घर आहे. तिथून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. ती अंगणात पाटावर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होती. मला बघून उठली, हात झटकले.

"नाना? काकी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. तुझ्याशीच बोलायचं होतं."

तिनं खुर्ची दिली आणि पुन्हा पाटावर बसली. खिडकीतून तिची मुलगी दहावीची पुस्तकं घेऊन बसलेली दिसत होती. मी बोलायला लागलो. पेढे, ती वाटेतली मुलगी, सायकल थांबवली ते, हात, बैठक, माझं वाक्य. क्रम चुकत होता. ती पिशव्या भरत राहिली. एक भरायची, ठोकायची, बाजूला ठेवायची.

"मला माहीत आहे, नाना," ती म्हणाली. "बैठकीतलंही. आणि बघण्याचं तर शीतलनं त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं. खूप रडत होती. मीच म्हटलं, गप्प बस, तुझं मोडेल."

"ते तसंही मोडलं."

"हो. आम्ही नंतर फोनवर हसलो त्याला. म्हटलं, निदान तू तरी वाचलीस."

मी म्हणालो, स्मरणिकेत सगळं लिहिणार आहे. तुझं नाव घातलं तर चालेल का?

तिनं पिशवी खाली ठेवली. "बाबा गेले तेव्हा तुम्ही आला होता. पायरीवर बराच वेळ बसलात. तेव्हा का नाही बोललात? शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, त्यांनीच उशीर केला. मी सायकल जोरात मारायला पाहिजे होती, म्हणायचे."

याचं उत्तर या लेखात तरी सापडेल असं वाटलं होतं. आतल्या मुलीनं काहीतरी विचारलं, वैशालीनं तिला खिडकीतूनच उत्तर दिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"माफी वगैरे लिहिणार?"

"हो."

"ती तुमची तुम्ही बघा. मी काही देऊ-घेऊ शकत नाही त्यात. नाव घाला. पण मला गरीब बिचारी करू नका. माझं बरं चाललंय. नवरा चांगला आहे, रोपं चांगली जातात. कुणी हळहळत आलेलं मला नको."

ती रिक्षापर्यंत सोडायला आली. माझा दंड धरून मला बसवलं, स्वेटरचा अडकलेला कोपरा आत घेतला. रिक्षावाल्यानं गाडी चालू केली तरी ती बाजूला झाली नाही.

"नाना, एक नक्की लिहा. मला तो पेपर येत होता. सगळे म्हणतात झेपलं नाही. आईपण म्हणायची कधी कधी, असू दे, नव्हतं झेपत तर. माझ्या लेकीलाही कुणीतरी सांगितलंय. येत होता मला. पूर्ण येत होता."

अक्षताला मी खोलीला माझं नाव देऊ नका असं कळवलं आहे. का, ते तिनं विचारलं. हा लेख तिच्या हाती देतो आहे. छापायचा की नाही हे मंडळानं ठरवावं, पण त्या मागच्या खोलीत तो एकदा मोठ्यानं वाचला जावा, मुली आणि त्यांच्या पाठराखिणी बसलेल्या असताना. बाकी सगळं वाचायला वेळ नसेल तर शेवटचं तेवढं वाचा.

काशिनाथला उशीर झाला नव्हता. उशीर माझ्यामुळे झाला. वैशालीनं पेपर टाकला नाही. तो तिच्या हातातच पडला नाही. आणि तिला तो येत होता.